पर्मनंट ते फ्रीलान्स : उडी मारण्याआधीचा अभ्यास

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलमध्ये दोन शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतात. एक 'पॅकेज' आणि दुसरा 'पर्मनंट'. पॅकेज आपण आपापसात विचारतो आणि पर्मनंट आहे का हे घरचे विचारतात. पण आपल्यातले काही जण चार-सहा वर्षांनी तीच पर्मनंट नोकरी सोडून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामे घेणार आहेत, म्हणजेच फ्रीलान्सिंग करणार आहेत. त्याबद्दल कॉलेजात कोणी शिकवत नाही. सीनियर्सशी बोललं की दोनच मते मिळतात. 'मस्त असतं यार, बॉसच नाही' किंवा 'वेडा आहे का, कोण देईल पोरगी!'

माझा एक मावसभाऊ पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षे होता. आता तो नागपुरात घरूनच कामे करतो. त्याने जाताना केलेला हिशोब मला दाखवला आणि त्यावरून मी हा विषय थोडा नीट अभ्यासला. नोकरी सोडा किंवा सोडू नका असं सांगणारा हा लेख नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. नोकरीत असताना कंपनी आपल्यासाठी बरीच कामे गुपचूप करत असते. फ्रीलान्सर झालो की ती सगळी कामे आपल्याकडे येतात, आणि ज्याला ती मोजता येतात त्यानेच उडी मारावी.

१) 'पर्मनंट' म्हणजे नेमके काय?

आपल्या आईबाबांच्या पिढीत रेल्वे, वेकोलि किंवा वीज मंडळात लागला म्हणजे माणूस रिटायर होईपर्यंत निश्चिंत. आपण तोच अर्थ आयटी कंपनीला लावतो. पण आयटीतल्या पर्मनंटचा अर्थ एवढाच की करारावर शेवटची तारीख लिहिलेली नाही. नोटीस देऊन तुम्ही जाऊ शकता आणि कंपनीही तुम्हाला घालवू शकते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीकडे पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित म्हणून पाहिले गेले, तिचीच ही बातमी. मिहानमधल्या तिच्या कॅम्पसकडे बघत मोठे झालेले आपल्यापैकी कितीतरी आहेत.

मग फरक काय? मराठीत तो छान सांगता येतो. नोकरदार कंपनीच्या सेवेत 'असतो', फ्रीलान्सर सेवा 'देतो'. पहिल्याला वेळेचे पैसे मिळतात आणि कामाची जोखीम कंपनी घेते. दुसऱ्याला ठरलेल्या कामाचे पैसे मिळतात आणि जोखीम तो स्वतः घेतो. पुढचा सगळा हिशोब या एका फरकातून निघतो.

२) पगाराची स्लिप उलटी वाचा

आपण स्लिपवर फक्त शेवटचा आकडा बघतो. आता बाकीच्या ओळी बघू.

पीएफ : आपल्या बेसिकमधून १२ टक्के जातात आणि कंपनीही तेवढीच भर घालते. नोकरी सुटली की दोन्ही बंद. पुढे पीपीएफ (वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख) किंवा एनपीएसमध्ये स्वतःच शिस्तीने पैसे टाकावे लागतात. आठवण करून द्यायला एचआर नसते.

ग्रॅच्युइटी : पर्मनंट कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षे झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. त्यामुळे चार वर्षे आठ महिन्यांनी राजीनामा देणाऱ्याने आधी कॅलेंडर बघावे! भावाने सहा वर्षे पूर्ण केली होती, त्याला ती रक्कम मिळाली आणि तीच त्याची पहिली गंगाजळी झाली.

आरोग्य विमा : ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. कंपनीच्या गटविम्यात बऱ्याचदा आईवडीलही असतात आणि त्यांचे जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की हे कव्हरही सहसा संपते. स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी थांबावे लागते. माझ्या मावशीला मधुमेह आहे. भावाने तिच्यासाठी वेगळी पॉलिसी आधी काढली, ती सुरू झाल्यावरही काही काळ नोकरी चालू ठेवली आणि मगच राजीनामा दिला. या कारणाने त्याचं जाणं जवळजवळ वर्षभर लांबलं. मित्र त्याला 'काहून थांबून राहिला बे?' म्हणायचे. कारण हे होते.

प्रोफेशन टॅक्स : पगारातून महिन्याला २०० (फेब्रुवारीत ३००) कापले जातात, म्हणजे वर्षाला २,५००. स्वतंत्र व्यावसायिकालाही महाराष्ट्रात हा कर आहे, फक्त नोंदणी स्वतः करून स्वतः भरायचा.

आता खरी मजा, दर काढण्याची. समजा तुमचा सीटीसी ८ लाख आहे. (यात कंपनीचा पीएफचा वाटा वगैरे सगळे धरलेले असते.) साधा विद्यार्थी काय करेल? ८ लाख भागिले १२ म्हणजे महिन्याला ६६,६६७. भागिले ३० दिवस, भागिले ८ तास. उत्तर येते तासाला साधारण २७८ रुपये. तो म्हणेल, चला, ३०० रुपये तासाने काम घेऊ, फायदाच आहे.

आता भावाच्या पद्धतीने करू. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून शनिवार-रविवार १०४, सणवार १०, आजारपण आणि सुट्टी मिळून २० वजा करा. उरले २३१ दिवस. पण या सगळ्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. क्लायंट शोधणे, फोन, कोटेशन, इन्व्हॉइस, वसुली, नवीन शिकणे आणि काम नसलेले आठवडे यात बराच वेळ जातो. साठ टक्के दिवसांचेच बिल होते असे धरले तर उरतात सुमारे १४० दिवस. दिवसाला खरे बिल होण्यासारखे तास ६ धरू. म्हणजे वर्षाचे ८४० तास. खर्चाच्या बाजूला ८ लाखांत स्वतःचा विमा, लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन इंटरनेट कनेक्शन, सीए यांचे अंदाजे १ लाख २० हजार मिळवा. एकूण ९,२०,००० भागिले ८४०. उत्तर येते तासाला जवळजवळ १,०९५ रुपये!

२७८ आणि १,०९५. जवळपास चौपट. साठ टक्के हा माझा धरलेला आकडा आहे, तुमचा वेगळा येईल. पण पद्धत हीच. ३०० रुपयांनी काम घेणारा मुलगा रात्रंदिवस राबतो आणि वर्षाच्या शेवटी नोकरीपेक्षा कितीतरी कमी कमावतो, त्याचे कारण आळस नसून चुकीचा भागाकार आहे.

३) सोडण्याआधी : बाँड, नोटीस आणि मूनलायटिंग

पुष्कळांना वाटते की आधी नोकरी करता करता रात्री कामे घेऊ, जम बसला की राजीनामा देऊ. ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण इथे करार वाचावा लागतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितले की, कंपनीत असतानाच थेट स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढले. (विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली होती!) त्याच काळात इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना ताकीद दिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, वरिष्ठांची आधी परवानगी घेतली आणि हितसंबंध आड येत नसतील तर बाहेरचे काम करता येईल, अशी वाट ठेवली. बोध सरळ आहे. लपून केलेले काम धोक्याचे आणि लेखी परवानगी घेऊन केलेले काम चालण्यासारखे.

कायदा याबाबत काय म्हणतो? यासाठी एक जुना खटला मला फार आवडला, कारण तो आपल्यासारख्याच एका तांत्रिक माणसाचा आहे. निरंजन शंकर गोलिकरी हे कल्याणजवळच्या सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर होते. पाच वर्षांचा करार होता, कंपनीने प्रशिक्षण दिले होते, तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांच्या सहकार्याचे होते. मुदत संपायच्या आधीच ते कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९६७ साली न्यायालयाने म्हटले की कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट बेकायदा नाही. मुदत संपल्यानंतरचे बंधन मात्र वेगळे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, नोकरी सोडल्यावरही 'अमुक काम करायचे नाही' अशी अट साधारणपणे निरर्थक ठरते. म्हणजे नोकरीत असेपर्यंत अट पाळा, सुटल्यावर तुमचे कौशल्य तुमचे. गोपनीय माहिती आणि जुना कोड मात्र कधीच तुमचा नाही.

बाँडचे काय? मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीसाठी येणारा खर्च त्यात लक्षात घेतला होता. तेव्हा 'बाँड-बिंड काही नसतं, कोर्टात टिकत नाही' हे होस्टेलचे ज्ञान अर्धवट आहे. ऑफर लेटरवर सही करण्याआधी बाँडची रक्कम, मुदत आणि नोटीस पिरियड या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

४) कोडचा मालक कोण?

हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा 'साहित्यकृती' मानला जातो. (मराठी विभागात हे वाचून बरे वाटेल. आपण सगळे साहित्यिक!) नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते. फ्रीलान्सर मात्र कोणाच्या नोकरीत नसतो, म्हणून वेगळा करार नसेल तर सर्वसाधारणपणे पहिला मालक तो स्वतः. क्लायंटला मालकी हवी असेल तर ती लेखी द्यावी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

याचा व्यवहारात उपयोग असा, की करारात लिहायचे, 'पूर्ण पैसे मिळाल्यानंतर मालकी क्लायंटकडे जाईल.' या एका वाक्याने फ्रीलान्सरचे हात बळकट होतात. भावाच्या करारात आणखी चार गोष्टी असतात : नेमके काय करून द्यायचे, बदल किती वेळा मोफत, २५ ते ३० टक्के आगाऊ, आणि हप्ते कोणत्या टप्प्यावर. 'थोडंसंच आहे, करून दे ना' या वाक्याला उत्तर म्हणून तो करार दाखवतो. भांडावे लागत नाही.

५) कर : घाबरण्यासारखे कमी, लक्ष देण्यासारखे जास्त

पहिली गोष्ट टीडीएस. भारतीय कंपनी फ्रीलान्सरचे बिल देताना वर्षाला ५० हजारांच्या वर गेल्यास कर कापून देते, बहुतेक वेळा १० टक्के, काही तांत्रिक सेवांना २ टक्के. हे पैसे बुडत नाहीत, आपल्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना हिशोबात येतात.

दुसरी गोष्ट, ठोकळ उत्पन्नाची सोय. १९६१ च्या आयकर कायद्यात ही ४४एडीए या कलमाने ओळखली जाते. १ एप्रिल २०२६ ही लागू होण्याची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ही सोय आहे, कलमाचा आकडा तेवढा वेगळा. माहिती तंत्रज्ञान हा यात बसणारा व्यवसाय आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीतली जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. तपशीलवार जमाखर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. म्हणजे वर्षात १२ लाख जमा झाले तर ६ लाख उत्पन्न धरता येईल. मात्र खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो खराच दाखवायचा.

तिसरी गोष्ट जीएसटी. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची, आणि सॉफ्टवेअर सेवांवर दर १८ टक्के. परदेशी क्लायंटला दिलेली सेवा अटी पूर्ण केल्यास निर्यात ठरते आणि तिच्यावर कराचा दर शून्य. त्यासाठी पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा.

पहिली दोन वर्षे चांगला सीए धरावा. त्याची फी हा खर्च नाही, झोपेची किंमत आहे, असं भाऊ म्हणतो!

६) पैसे वेळेवर न मिळाले तर

नोकरीत महिनाअखेर पगार येतो. फ्रीलान्सिंगमध्ये 'अकाउंट्सला पाठवलंय' हे वाक्य येते. भावाला एका क्लायंटने चार महिने असंच फिरवलं होतं. तेव्हा त्याला एमएसएमईडी कायदा, २००६ समजला. उद्यम पोर्टलवर आधारने मोफत नोंदणी केली की एकटा सॉफ्टवेअर डेव्हलपरसुद्धा 'सूक्ष्म उद्योग' होऊ शकतो. मग लेखी करार असला तरी भारतीय ग्राहकाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. यातली मेख अशी की नोंदणी काम घेण्याआधी केलेली असावी. भावाने नोंदणी केल्यापासून इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापायला सुरुवात केली, आणि वसुलीचे फोन निम्म्याने कमी झाले.

परदेशी क्लायंटला हा कायदा लागत नाही. तिथे आगाऊ रक्कम आणि छोटे टप्पे हाच उपाय.

तरीसुद्धा महिने कोरडे जातातच. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा लिहू नये. अजून एक, घराचे कर्ज घ्यायचे असेल तर बँका स्वतंत्र व्यावसायिकाकडे साधारण दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. सॅलरी स्लिपवर कर्ज पटकन मिळते. लग्न, घर, आजारपण यांपैकी काही समोर दिसत असेल तर तारीख त्याप्रमाणे ठरवावी.

७) नागपुरातून हे जमते का?

फायदा उघड आहे. पुण्या-मुंबईच्या घरभाड्यात इथे घर चालते. इंटरनेट चांगले आहे आणि क्लायंटला तुम्ही प्रतापनगरात बसलात की हिंजवडीत, याचे देणेघेणे नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्याने त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. होस्टेलमध्ये रात्री जागून सबमिशन करणाऱ्यांना हे वेळापत्रक नवीन नाही!

तोटे मात्र कोणी सांगत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी लाइट गेली की कूलर आणि वायफाय दोन्ही बंद, म्हणून इन्व्हर्टर ही चैन नाही. दुसरे, एकटेपणा. शेजारचे विचारतात, 'मुलगा घरीच असतो का हो?' मावशीला पहिले वर्षभर याचे उत्तर देताना त्रास झाला. तिसरा तोटा सगळ्यात मोठा. कंपनीत सीनियर तुमचा कोड तपासतो, चुका दाखवतो. घरी बसून हे कोणी करत नाही. मी भावाला विचारलं, 'दादा, मग मी डिग्री झाल्याबरोबर सुरू करू का?' तो म्हणाला, 'नको. क्लायंट तुला शिकवायला पैसे देत नाही, तुला येतं त्याचे देतो. शिकायचं असेल तर आधी तीन-चार वर्षं कंपनीच्या पैशाने शीक.' मला हे पटलं. शिवाय छोटी वेबसाइट, साधा फॉर्म अशी सुरुवातीची कामे आता लोक एआय टूल्स वापरून स्वतःच करून बघतात. एखाद्या धंद्याचा प्रश्न समजून घेऊन तो सोडवणाऱ्यालाच भाव राहील.

८) आपण आज काय करू शकतो?

• आलेले प्रत्येक ऑफर लेटर पूर्ण वाचा, टीपीओ सरांना शंका विचारा.
• कॉलेज फेस्टची किंवा ओळखीच्या दुकानदाराची वेबसाइट करताना एका पानाचा करार लिहा. पैसे कमी असले तरी चालेल, सवय लागते.
• किती तास लागतील याचा अंदाज आधी लिहा आणि खरे किती लागले ते नंतर लिहा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा अभ्यासक्रम.
• आपला कोड दुसऱ्याला तपासायला द्या आणि राग न मानता ऐका.
• घरच्यांशी बोलताना 'पॅशन' वगैरे शब्दांऐवजी विमा, बचत आणि मिळालेल्या कामांचा कागद समोर ठेवा. आईबाबांना स्वातंत्र्याची भीती नसते, हिशोब नसण्याची असते.

नोकरी करणारा मोठा नाही आणि सोडणारा शूर नाही. दोघांनाही आपले काम यावे लागते. फक्त सोडणाऱ्याला कोडबरोबर वहीही लिहावी लागते. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पहिला पगार झाला की पार्टी नक्की करा, पण स्लिप फेकू नका. ती एकदा शेवटच्या ओळीपासून वरपर्यंत वाचून बघा!